काळा कोळसा, पांढरे ठिपके!

ओळख पाहू, उमरेडचा कोळसा कोणत्या रंगाचा?

हसू नकोस! प्रश्न सोपा वाटतो खरा. कोळसा काळाच असणार. उमरेडच्या, मकरधोकड्याच्या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून भरून निघालेला ट्रक बघ. त्यातला एखादा खडा हातात घेतलास, की बोटं काळी. तीच बोटं शर्टाला पुसलीस, की शर्ट काळा. मग आईचा आवाज वरच्या पट्टीत!

आता दुसरा प्रश्न. समज, एका खाण कामगाराच्या छातीत कितीतरी वर्षं कोळशाची बारीक धूळ गेली. त्याला त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. त्यावर आजाराचे ठिपके कोणत्या रंगाचे दिसतील?

‘काळे!’ असंच म्हणायचं होतं ना तुला?

चूक! ते दिसतात पांढरे!

आणि याहून कहर ऐक. स्वच्छ हवेनं भरलेलं, एकदम ठणठणीत फुप्फुस एक्स-रेवर कसं दिसतं, माहितेय? काळंकुट्ट! म्हणजे काळं ते चांगलं आणि पांढरं दिसलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी. काऊन बावा असं उलटं?

चल, शोधू या. त्यासाठी दवाखान्यात जायची गरज नाही. आधी मे महिन्यातल्या उन्हात जाऊ.

आपल्याकडचं ऊन तुला काय सांगायचं! सुट्टीभर क्रिकेट खेळलं, की हात रापून काळवंडतात. पण मनगटावरचं घड्याळ काढून बघ. पट्ट्याखालची कातडी फिकी! तिथं ऊन पोचलंच नाही. जिथं ऊन लागलं तिथं काळं, जिथं काहीतरी आडवं आलं तिथं फिकं. तुझ्या मनगटावर घड्याळाचं चित्रच उमटलं की!

एक्स-रेचं चित्र अगदी असंच उमटतं. फक्त उन्हाच्या जागी असतात क्ष-किरण. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, चटका देत नाहीत, आवाज करत नाहीत. पण ते भलते घुसखोर! उजेड कातडीपाशी अडतो. हे मात्र शर्ट, कातडी, मांस यांतून आरपार निघून जातात. तुझ्या एका बाजूला किरण सोडणारी नळी असते आणि दुसऱ्या बाजूला एक पाटी. पूर्वी त्या पाटीत फिल्म असायची आणि तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर. किरण जिथं पोचतील तिथं फिल्म काळी व्हायची. आता बहुतेक ठिकाणी फिल्म जाऊन इलेक्ट्रॉनिक पाटी आली. चित्र थेट कॉम्प्युटरवर येतं. पण काळं-पांढरं तसंच ठेवलंय.

किरणांना सगळ्यात जास्त कोण अडवतं? हाडं! हाडांत असतं कॅल्शियम. त्याचे अणू मांसातल्या अणूंपेक्षा वजनदार, आणि अणू जितका वजनदार, तितका तो क्ष-किरणांना जास्त अडवतो. म्हणून हाडाच्या मागे पाटी कोरी राहते. हाड पांढरं दिसतं. मांस थोडे किरण अडवतं, थोडे सोडतं, म्हणून ते करडं. आणि फुप्फुस? त्यात तर नुसती हवा! हवा किरणांना काय अडवणार? ते धडाधड पलीकडे जातात आणि पाटी काळी करून टाकतात.

म्हणून काळं फुप्फुस म्हणजे हवेनं गच्च भरलेलं फुप्फुस!

हे किरण कुणाला सापडले, ते सांगते. जर्मनीत वुर्झबर्ग नावाचं गाव आहे. तिथं विल्हेल्म राँटगेन नावाचे प्राध्यापक होते. 8 नोव्हेंबर 1895 ची संध्याकाळ. अंधाऱ्या खोलीत ते काचेच्या नळीतून वीज सोडून काहीतरी बघत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानं नीट झाकलेली. उजेडाचा कण बाहेर येणं शक्य नाही. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला, खास रसायन लावलेला कागद चमकायला लागला!

नळीतून काहीतरी निघतंय. पुठ्ठ्यातून आरपार जातंय. पण काय?

राँटगेनसाहेबांनी लगेच आरडाओरडा केला नाही हं. कितीतरी आठवडे ते प्रयोगशाळेतच घुसून बसले. मग 22 डिसेंबरला त्यांनी आपल्या बायकोला, अ‍ॅना बर्थाला, बोलावलं आणि तिचा हात किरणांसमोर धरायला लावला. सुमारे पंधरा मिनिटं! चित्रात काय आलं? बोटांची हाडं आणि एका बोटाभोवती काळीभोर अंगठी तरंगतेय! मांस जवळजवळ गायब!

थांब थांब. ‘अंगठी तर धातूची, मग ती पांढरी दिसायला हवी, काळी कशी?’ असं तुझ्या मनात आलं असेल, तर शाबास! त्या वेळच्या चित्राची प्रत उलट्या रंगांत छापली होती. तिच्यात हाडं आणि अंगठी गडद आहेत. आपण आज बघतो ती मूळ फिल्मसारखी चित्रं. तिथं अंगठी पांढरीशुभ्रच दिसते.

1901 मध्ये नोबेल पारितोषिकं पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा भौतिकशास्त्राचं पारितोषिक राँटगेन यांनाच मिळालं. आणि पंधरा मिनिटांचं काय झालं? आज छातीचा एक्स-रे डोळ्याची पापणी लवायच्या आत निघतो!

तू कधी छातीचा एक्स-रे काढलायस? काढला असशील, तर तो थाट आठवतो का? गार पाटीला छाती चिकटवायची. हनुवटी वर. हात कमरेवर आणि कोपरं पुढे. मग आतून आवाज येतो, “श्वास घ्या... रोखून धरा... सोडा!”

हा सगळा फोटोग्राफरचा नखरा नव्हे. प्रत्येक गोष्टीला कारण आहे!

खोल श्वास कशाला? फुप्फुसांत भरपूर हवा भरली, की पाठीमागचा पडदा कसा मस्त काळा होतो. काळ्या फळ्यावरच खडूचं अक्षर उठून दिसतं ना? आणि कोपरं पुढे कशाला? पाठीवर दोन पंख्यांसारखी हाडं असतात ना, खांद्याखालची? कोपरं पुढे घेतली, की ती बाजूला सरकतात. नाहीतर त्यांची सावली फुप्फुसावरच पडायची.

आणि आता ओळख, किरण कुठून येतात? समोरून? नाही! पाठीमागून! नळी असते पाठीमागे, जवळजवळ सहा फूट अंतरावर. याची गंमत रात्री करून बघ. वीज गेली की टॉर्च लाव आणि भिंतीवर हाताची सावली पाड. हात भिंतीजवळ ने. सावली छोटी, रेखीव. हात टॉर्चजवळ आण. सावली राक्षसाएवढी, आणि कडा पुसट! आपलं हृदय असतं छातीच्या पुढच्या भागात. ते पाटीजवळ असलं, तर त्याची सावली जवळजवळ खऱ्या मापाची पडते. उलटं उभं केलं असतं, तर साधंच हृदय फुगलेलं दिसलं असतं आणि घरच्यांना उगाच घाम फुटला असता!

कऱ्हांडल्याच्या जंगलातल्या वाघाचा एक्स-रे काढायचा झाला तर? त्याला ‘श्वास रोखून धरा’ कोण सांगणार? आधी बेशुद्ध करावं लागतं बिचाऱ्याला. आणि तरी डॉक्टरांचं एक लक्ष त्याच्या पंजांकडे असणारच!

बरं, आता पुन्हा खाणीकडे. धुळीचं कोडं अजून सुटलेलं नाही.

आपल्या नाकात केस असतात, चिकट शेंबूड असतो. हसतोस काय, हसतेस काय, शेंबूड फार कामाचा! मोठी धूळ तिथंच अडकते. पण कोळशाचे काही कण इतके बारीक असतात, की तुझ्या एका केसाच्या जाडीत असे दहा कण शेजारी शेजारी आरामात बसतील. हे कण सगळे पहारे चुकवून फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथं हवेचे इवलेसे फुगे आहेत. किती? तीस कोटींहून जास्त! आपला श्वास तिथंच रक्तात मिसळतो.

त्या फुग्यांत सफाई कामगारही असतात बरं. पेशीच त्या, पण धूळ खाणाऱ्या! त्या कण गिळतात आणि बाहेर घेऊन जातात. पण रोज रोज, वर्षानुवर्षं धूळ येतच राहिली तर? त्या थकतात. कोळसा त्यांना पचत नाही. मग शरीर त्या कणांभोवती भिंत बांधायला लागतं. घट्ट, राठ अशा गाठी बनतात. जिथं मऊ फुगा होता आणि हवा होती, तिथं आता टणक गाठ!

आणि टणक गाठ क्ष-किरणांना अडवते. म्हणून पांढरा ठिपका!

म्हणजे बघ, एक्स-रेमध्ये दिसला तो कोळसा नाहीच. दिसली ती शरीरानं कोळशाभोवती बांधलेली भिंत!

मग कोळसा स्वतः कसा दिसतो? मला विचारशील तर हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. कार्बनचा अणू अगदी हलका. क्ष-किरणांना तो फारसा अडवतच नाही! आपल्या डोळ्यांना ठार काळा, अपारदर्शक वाटणारा कोळसा क्ष-किरणांसाठी खिडकीच्या काचेसारखा! कोळशात दगड मिसळला असेल, तर दगड मात्र किरणांना अडवतो. त्यामुळे जगात काही ठिकाणी पट्ट्यावरून धावणाऱ्या कोळशातून दगड वेचायला क्ष-किरणांची यंत्रंच बसवलीत. डोळ्यांना सगळंच काळं, पण यंत्राला दगड लख्ख दिसतो!

आणि कार्बनचाच दुसरा भाऊ कोण? हिरा! हिऱ्याची अंगठी एक्स-रेखाली ठेवली, की सोनं पांढरंशुभ्र दिसतं आणि खरा हिरा जवळजवळ गायब! शिसं मिसळलेल्या काचेचा नकली खडा असेल, तर तो मात्र चक्क चमकून दिसतो. नकली दिसतो आणि अस्सल लपतो. आहे की नाही मजा?

खाणीत काम करणाऱ्यांची तपासणी नोकरीला लागताना होते आणि मग ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा होते. त्यात छातीचा एक्स-रे असतोच. कशाला? कारण या गाठी गुपचूप वाढतात. माणसाला धाप लागायच्या आधीच त्या चित्रात दिसू शकतात. जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवले, की कळतं, ठिपके वाढले की तेवढेच आहेत?

पण एका डॉक्टरला ठिपके ‘थोडे’ वाटले आणि दुसऱ्याला ‘बरेच’, तर? म्हणून जगभरच्या डॉक्टरांसाठी नमुन्याच्या एक्स-रेंचा एक संचच आहे. तो बनवलाय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं. डॉक्टर कामगाराचा एक्स-रे आणि नमुने शेजारी शेजारी लावतात आणि जुळवून बघतात. चित्रकलेच्या बाई ‘हे नारंगी की केशरी?’ म्हणून रंगांच्या कागदाशी ताडून बघतात, तसंच! गोल ठिपक्यांची मापंही ठरलेली. दीड मिलिमीटरपर्यंत पहिला गट, तिथून तीनपर्यंत दुसरा, तिथून दहापर्यंत तिसरा. आणि ठिपके किती दाट आहेत, यासाठी बारा पायऱ्यांची शिडी. उमरेडचा एक्स-रे असो की पोलंडचा, मोजपट्टी एकच!

याच छातीच्या एक्स-रेवर क्षयरोगही पकडतात. आणि आता एक्स-रेचं यंत्र माणसाकडे चालत यायला लागलंय! हातात धरता येईल एवढं, कॅमेऱ्यासारखं यंत्र. 7 डिसेंबर 2024 ला देशात क्षयरोग शोधायची 100 दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा अशी यंत्रं गावागावांत नेली गेली. गावातच चित्र काढायचं आणि कॉम्प्युटरनं लगेच बघायचं. हो, कॉम्प्युटर! मुंबईच्या एका कंपनीनं असं सॉफ्टवेअर बनवलंय, क्युअर डॉट एआय तिचं नाव. ते एक्स-रे बघून सांगतं, ‘इथं काहीतरी गडबड वाटतेय.’ जागतिक आरोग्य संघटनेनंही 2021 मध्ये पंधरा वर्षं आणि त्याहून मोठ्यांसाठी असा कॉम्प्युटर वापरायला हरकत नाही म्हटलं. पण तो फक्त बोट दाखवतो हं. खरोखर क्षयरोग आहे का, ते थुंकीच्या तपासणीतून ठरतं.

क्ष-किरण जास्त झाले तर शरीराला बरे नव्हेत, म्हणून गरज असेल तरच एक्स-रे काढतात. पण छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारे किरण खूप थोडे. जमीन, दगड, आकाश यांच्यातून तेवढे किरण काही दिवसांत आपल्याला असेही मिळतातच. मग एक्स-रे काढणारे काका भिंतीआड का पळतात? अरे, तुझा एक्स-रे एक, त्यांना दिवसभर काढायचे असतात!

आता एक गंमतशीर प्रसंग. एका छोट्यानं रुपयाचं नाणं गिळलं. एक्स-रेत काय दिसेल? पोटात पौर्णिमेचा चंद्र! गोल, पांढरा, झळझळीत. कुठं अडकलाय ते क्षणात कळतं.

आणि शेतात पायात बाभळीचा काटा मोडला तर? एक्स-रे काढला. काहीच नाही! काटा लाकडाचा, म्हणजे पुन्हा तोच हलका कार्बन. क्ष-किरण त्याला ओळखतच नाहीत. पाय तर ठणकतोय!

मग हाक मारायची सोनोग्राफीला!

सोनोग्राफीत किरण नसतात. असतो आवाज! डोंगरासमोर ‘ओ!’ म्हटलं की ‘ओ!’ परत येतो ना? तसा शरीरात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. तुला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वटवाघळांना त्याहून कितीतरी बारीक. आणि सोनोग्राफीचा आवाज? सेकंदाला वीस लाख कंपनं, कधी कधी कोटभरसुद्धा! तुला, मला, गल्लीतल्या कुत्र्याला, कुणालाच ऐकू येत नाही.

हा आवाज शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो. हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त जोरात! आठ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला लागतो सेकंदाचा दहा हजारावा भाग. प्रतिध्वनी किती वेळात आला त्यावरून यंत्र काढतं, की वस्तू किती खोल आहे. असे हजारो प्रतिध्वनी मिळून चित्र तयार! त्यात बाभळीचा काटा चमकदार रेघेसारखा दिसतो.

पण पोटाला ती गार, गिळगिळीत जेली कशाला फासतात? कारण आवाज हवेला अडखळतो. यंत्र आणि कातडी यांच्यात हवेचा पातळसा थर राहिला, तरी जवळजवळ सगळा आवाज वरच्यावर परत फिरतो. जेली ती हवा हाकलून देते. म्हणूनच हवेनं भरलेल्या फुप्फुसाच्या आतलं सोनोग्राफीला नीट दिसत नाही. जिथं एक्स-रे हुशार, तिथं सोनोग्राफी ढ!

सोनोग्राफी आणखी एक करामत करते. आपल्या विदर्भात ती फार मोलाची आहे.

तुझ्या वर्गात कुणाला सिकलसेल आहे का? विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. तो आईवडिलांकडून येतो, कुणाला शिवून होत नाही. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल, मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मग बारीक नळ्यांत अडकतात, हातपाय दुखतात. कधी कधी मेंदूला रक्त नेणारी नळीसुद्धा अरुंद होते. तसं झालं तर लहान मुलालाही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

हे आधी कळणार कसं? रक्ताचा वेग मोजून!

अंगणात झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघ. वाट अरुंद झाली, की पाणी सुसाट! नळी अरुंद झाली की रक्तही तसंच धावायला लागतं.

आणि वेग मोजायचा आवाजानं. नागपूर-उमरेड रस्त्याच्या कडेला (लांब, सुरक्षित जागी!) उभं राहून हॉर्न वाजवत येणारा ट्रक ऐक. येताना आवाज बारीक आणि जवळून गेला की एकदम जाड! आवाजाच्या याच बदलावरून धावणाऱ्या वस्तूचा वेग काढता येतो. त्याला म्हणतात डॉप्लर. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं. तिथं छोटंसं यंत्र टेकवतात. आवाज आत जातो, धावत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो. सुई नाही, किरण नाहीत, दुखणं नाही! स्पीकरमधून ‘हुश्श... हुश्श...’ असं आपलंच रक्त ऐकू येतं.

वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला, तर डॉक्टर सावध होतात. किती होतो हा वेग? ताशी सात किलोमीटरपेक्षा जास्त! म्हणजे झपाझप चालणाऱ्या बाबांनाही मागे टाकेल एवढा, आणि तोही काडीएवढ्या नळीत. 1998 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. अशा मुलांना नियमित रक्त दिलं, तर दहातले नऊ झटके टळतात, असं त्यात दिसलं! म्हणून सिकलसेल असलेल्या, दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची ही तपासणी दर वर्षी करावी असं डॉक्टर सांगतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ज्याला आपण नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो तिथं, सिकलसेलच्या मुलांवर कितीतरी वर्षांपासून उपचार आणि अभ्यास चालू आहे.

दमलास? दमलीस? मग आता एक खेळ!

वहीत चार घरांचा चौकोन आखते. वर दोन घरं, खाली दोन. प्रत्येकात एक आकडा लपवलाय. वरच्या ओळीची बेरीज 3, खालच्या ओळीची 7. डावीकडच्या उभ्या रांगेची 4, उजवीकडच्या 6. सांग पाहू आकडे!

करून बघ. एकापेक्षा जास्त उत्तरं निघतील. वैतागशील! म्हणून आणखी एक धागा देते. तिरप्या रेषेत, उजवीकडचं वरचं आणि डावीकडचं खालचं घर मिळून 5. आता? वर 1 आणि 2, खाली 3 आणि 4! दुसरं उत्तरच नाही.

शाबास! तू आत्ता सीटी स्कॅन केलास!

खरंच! साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकाच सावलीत मिसळतं. ती सावली म्हणजे नुसती बेरीज. सीटी स्कॅनची नळी तुझ्याभोवती गोल फिरते, सगळ्या बाजूंनी बेरजा घेते आणि कॉम्प्युटर त्यातून घराघरातला आकडा शोधतो. ही युक्ती यंत्रात उतरवली गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरनं. कुठं काम करायचे ते? गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत! आजोबांकडे कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या जुन्या तबकड्या असतील ना, त्याच घराण्यातली ही कंपनी. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. चित्रात घरं होती 80 गुणिले 80, म्हणजे 6,400. आज एका चित्रात अडीच लाखांहून जास्त असतात! तुझ्या चार घरांनी डोकं खाल्लं, आठवतंय ना?

एमआरआयची भेट मात्र धावती. त्यात किरणच नाहीत, असतं प्रचंड चुंबक. पृथ्वीच्या चुंबकाच्या सुमारे तीस हजार पट! आपल्या अंगात ढीगभर पाणी असतं. त्या पाण्यातल्या हायड्रोजनला रेडिओच्या लहरींनी डिवचलं, की तो परत बारीकसा इशारा देतो. त्यावरून चित्र. आत ढणढण-खटखट असा गोंगाट असतो. आणि खोलीत जाताना चावी, लोखंडी पिन, सगळं बाहेर. नाहीतर ते उडत जाऊन चुंबकाला चिकटेल!

पण माझी सगळ्यात लाडकी तपासणी पुढेच आहे. पेट स्कॅन! यात रुग्णाला साखर देतात. खरंच, साखरेसारखंच एक द्रव्य, सुईतून. त्याला किरण सोडणारा, म्हणजे यंत्राला ‘चमकणारा’ दिसणारा अणू जोडलेला असतो.

कर्करोगाच्या पेशी भयंकर खादाड. बहुतेकदा शेजारच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त साखर मटकावतात. मग यंत्रात त्या दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या उजळतात. चोरी अशी पकडली जाते. पुन्हा उपचारानंतर तपासलं आणि कंदील विझलेला दिसला, की समजायचं, औषध लागू पडतंय!

पण ही साखर साठवून ठेवता येत नाही. तिच्यातले चमकणारे अणू सुमारे 110 मिनिटांत अर्धे संपतात. आणखी 110 मिनिटांत उरलेल्यातले अर्धे. उन्हात हातात धरलेला बर्फाचा गोळाच म्हण ना! म्हणून ते बनवणारं यंत्र दवाखान्यापासून फार लांब असून चालत नाही. त्या यंत्राचं नाव सायक्लोट्रॉन. दवाखान्यासाठीचा भारतातला पहिला सायक्लोट्रॉन 2002 मध्ये कुठं सुरू झाला? आपल्या मुंबईत! परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्ग औषध केंद्रात.

सुई टोचल्यावर लगेच फोटो नाही काढत. तासभर थांबायचं. आणि तेव्हाचे नियम ऐकून तू हसशील. आधी काही तास उपाशी राहायचं, म्हणजे पेशी भुकेल्या राहतात. धावायचं नाही, कारण पळालास तर पायाचे स्नायू साखर खाऊन चमकतील. च्युइंग गम चघळायचं नाही, नाहीतर जबडाच उजळायचा. आणि हो, तासभर बडबडही करायची नाही! गप्पा मारल्यास, की घशातले आवाज काढणारे छोटे छोटे स्नायू चमकतात आणि डॉक्टर विचारात पडतात, हे काय नवीन?

मेंदूला मात्र हा नियम लागू नाही. डोळे मिटून, एकदम गप्प पडून राहिलं, तरी मेंदू साखर खातच राहतो. साखरेच्या पेट स्कॅनमध्ये डोकं लख्ख उजळलेलं असतं. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणाऱ्यांचंसुद्धा!